दुसरे टोक कुठे ठेवायचे? : विमानातील संपर्काची शंभर वर्षे

विमान धावपट्टीकडे निघाले, की हवाई सेविका प्रवाशांना मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवायला सांगते. थोड्या वेळाने विमान पुरेशा उंचीवर पोचते आणि त्याच विमानात इंटरनेटची सोय आहे, अशी सूचना ऐकू येते. वर्गात हा विषय निघाला, तर एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, फोन बंद ठेवायचा, तर मग इंटरनेट कुठून येते? आणि इंटरनेट चालते, तर फोन का चालत नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो नीट समजून घ्यायचा, तर मोठ्या प्रवासी विमानापेक्षा लहान विमानाकडे पाहणे सोयीचे. उद्योगसमूहांचे अधिकारी, मंत्री, कधी अत्यवस्थ रुग्ण यांची ने-आण करणारी आठ-दहा आसनांची जेट विमाने आपण पाहिली असतील. त्यांना 'बिझनेस जेट' म्हणतात. अशा विमानाच्या पाठीवर मोठी तबकडी बसवायला जागा नसते, वजनाची मर्यादा कडक असते, आणि ते समुद्र, वाळवंट, ध्रुवप्रदेश असे कुठेही जाऊ शकते. त्यामुळे संपर्काची प्रत्येक अडचण या विमानात ठळकपणे दिसते.

संपर्काला दोन टोके लागतात. एक टोक विमानात असते, ते तिथून हलवता येत नाही. म्हणून इतिहासात पुन:पुन्हा एकच प्रश्न विचारला गेला : दुसरे टोक कुठे ठेवायचे? त्याची आजवर चार उत्तरे मिळाली. विशेष म्हणजे नवे उत्तर सापडल्यावर जुने टाकून दिले गेले नाही. एकाच विमानात ही चारही उत्तरे शेजारी शेजारी नांदताना आज दिसतात.

पहिले उत्तर : जमिनीवर

२७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कजवळ शीप्सहेड बे येथे जेम्स मॅककर्डी याने उडत्या कर्टिस विमानातून बिनतारी संदेश जमिनीवर पाठवला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा सातच वर्षे झाली होती. पहिल्या महायुद्धात या तंत्राचा भरपूर उपयोग झाला. तोफांचे गोळे कुठे पडत आहेत, हे विमानातील निरीक्षक मोर्सच्या कट्ट-कडकट्टने खाली कळवत असे. अँटेना म्हणून विमानातून एक लांब तार खाली सोडलेली असे आणि उतरण्यापूर्वी ती गुंडाळून घ्यावी लागे.

तरीही अनेक वर्षे बहुतेक विमाने मुकीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. भारतातील विमान वाहतुकीची ही सुरुवात मानली जाते. त्यांच्या एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानात रेडिओ नव्हता. वाटेत वादळ लागले किंवा इंजिन बिघडले, तर कोणाला कळवण्याची सोय नव्हती. विमान पोचले म्हणजे पोचले, एवढीच खबर.

दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात अतिउच्च वारंवारतेचा, म्हणजे व्हीएचएफ रेडिओ सर्वत्र रूढ झाला. आजही विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. आवाज स्वच्छ येतो. पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. क्षितिजापलीकडे गेलेले विमान या रेडिओला दिसत नाही.

क्षितिज किती दूर असते, हे नववी-दहावीचे विद्यार्थी पायथागोरसच्या प्रमेयावरून काढू शकतात. पृथ्वीची त्रिज्या 'त्रि' आणि निरीक्षकाची उंची 'उं' धरली, तर क्षितिजाचे अंतर २ × त्रि × उं याच्या वर्गमुळाएवढे येते. समुद्रकिनारी उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्याची उंची दीड मीटर धरा. त्रिज्या ६,३७० कि.मी. घेऊन उत्तर येते सुमारे ४.४ कि.मी. आता १२ कि.मी. उंचीवरच्या जेट विमानासाठी हेच गणित करा. उत्तर येईल सुमारे ३९० कि.मी. वातावरणात लहरी किंचित वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक अंतर मिळते. म्हणजे दिल्ली-मुंबई मार्गावर मोजकी केंद्रे पुरतील. पण मुंबईहून नैरोबीला निघालेले विमान अरबी समुद्रावर तासाभरातच या रेडिओच्या टप्प्याबाहेर जाईल. समुद्रात खांब कोण रोवणार?

दुसरे उत्तर : आकाशाचा आरसा

निसर्गाने याची एक सोय करून ठेवली होती. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे अणूंचे आयन झालेले थर असतात. याला आयनांबर म्हणतात. एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने त्याचे अस्तित्व दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी या थरावरून परत फिरतात आणि हजारो कि.मी. दूर उतरतात. आपण रात्री ट्रान्झिस्टरवर परदेशी केंद्रे ऐकत असू, ती याच वाटेने येत.

समुद्र ओलांडणाऱ्या विमानांनी हा आरसा वापरला. पण तो बेभरवशाचा आहे. दिवसा एक वारंवारता चालते, तर रात्री दुसरी. सूर्यावर उद्रेक झाला, तर संपर्क तासन्‌तास तुटतो. पूर्वी लांबच्या विमानात या कामासाठी स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर असे. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने आजही 'मुंबई रेडिओ'शी लघुलहरींवर बोलतात. खरखर ऐकू येते, शब्द पुन्हा सांगावे लागतात. बोलण्यापुरते हे ठीक आहे, पण टेलिफोन किंवा इंटरनेटचे ओझे या वाटेवर पेलत नाही.

टेलिफोन विमानात चढतो

१९६३ मध्ये अमेरिकेत 'लिअरजेट' या छोट्या जेट विमानाचे पहिले उड्डाण झाले आणि खासगी जेट विमानांचा वापर वाढू लागला. वेळ वाचवण्यासाठी विमान घेणाऱ्यांना विमानातला वेळ रिकामा जाणे खटकू लागले. १९७० च्या दशकात अशा विमानांत रेडिओ-टेलिफोन आले. त्यांच्या वाहिन्या मोजक्या होत्या, आणि साधा रेडिओ-ग्राहक असलेल्या कोणालाही त्यावरचे बोलणे ऐकता येत असे.

मोठ्या प्रवासी विमानांत १९८४ मध्ये अमेरिकेत 'एअरफोन' सेवा सुरू झाली. तिचे जनक जॉन गोकेन. आसनाच्या पाठीवरचा फोन उचलायचा, क्रेडिट कार्ड सरकवायचे आणि जमिनीवरच्या केंद्रांमार्फत बोलायचे. दर जबर होते. लोकांनी फोन कुतूहलाने पाहिला, वापरला मात्र फार थोडा. २००६ मध्ये ही सेवा बंद झाली.

दरम्यान जमिनीवर मोबाइल फोन आले होते. तेच विमानात का चालू नयेत? इथे आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मोबाइलच्या जाळ्यात गावे-शहरे छोट्या छोट्या क्षेत्रांत वाटलेली असतात. एका क्षेत्रातील वारंवारता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा वापरतात. जमिनीवरचा फोन दोन-चार मनोऱ्यांनाच दिसतो, म्हणून हे जमते. विमानातला फोन मात्र एकाच वेळी शेकडो मनोऱ्यांना दिसतो आणि सगळीकडे गोंधळ माजवतो. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ मध्ये विमानातून असे फोन वापरण्यास बंदी घातली, ती मुख्यत: याच कारणाने. विमानातील उपकरणांना अडथळा होऊ नये, ही काळजी त्याच्या जोडीला होतीच.

त्याच १९९१ साली टेक्सासमध्ये जिमी रे याने 'एअरसेल' नावाची कंपनी काढली. छोट्या खासगी विमानात परवडणारा फोन कसा देता येईल, हा त्याचा ध्यास होता. पहिले रेखाटन त्याने खानावळीतल्या कागदी रुमालावर केले, असे सांगतात. कंपनीने शोधलेली युक्ती शाळेच्या भौतिकशास्त्रातली आहे. मोबाइलच्या लहरी उभ्या दिशेने कंप पावतात. एअरसेलने विमानासाठी आडव्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी वापरल्या आणि मनोऱ्यांवर आकाशाकडे तोंड केलेल्या वेगळ्या अँटेना बसवल्या. उभ्या लहरींसाठी असलेली अँटेना आडव्या लहरींना फारशी दाद देत नाही. प्रकाशाच्या ध्रुवणाचा हाच गुणधर्म आहे. १९९८ मध्ये कंपनीला बंदीतून सवलत मिळाली.

पुढे २००६ च्या लिलावात एअरसेलने विमान-ते-जमीन संपर्कासाठी स्वतंत्र वारंवारता मिळवल्या, आणि २००८ मध्ये 'गोगो' या नावाने प्रवासी विमानांत इंटरनेट आणले. सुरुवातीला साऱ्या विमानाला मिळून सेकंदाला सुमारे ३१ लाख बिट एवढाच वेग मिळे. छोट्या विमानासाठी काढलेली वाट अशी मोठ्या विमानांच्या कामी आली. पण हे सारे अमेरिकेच्या भूमीवर. समुद्र लागला, की पहिल्या उत्तराची मर्यादा पुन्हा समोर उभी राहिली.

तिसरे उत्तर : ३६ हजार कि.मी. उंचीवर

ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात एक लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार कि.मी. उंचीवरचा उपग्रह २४ तासांत एक फेरी पुरी करेल, म्हणजे जमिनीवरून तो एकाच जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह असले, तर जवळजवळ सारी पृथ्वी संपर्कात येईल. तेव्हा एकही उपग्रह अवकाशात नव्हता. पुढच्या वीस वर्षांत भूस्थिर उपग्रह प्रत्यक्षात आले आणि १९६४-६५ मध्ये 'सिंकॉम-३' या उपग्रहातून पॅसिफिक महासागरावरील विमानाशी टेलिप्रिंटरने संपर्काचे प्रयोग झाले.

या मालिकेतला एक उपग्रह शिक्षकांना जवळचा वाटावा. १९७४ मध्ये सोडलेल्या 'एटीएस-६' वरून अमेरिकेत विमानांशी संपर्काचे प्रयोग झाले. नंतर तोच उपग्रह सरकवून आपल्या बाजूला आणला गेला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर त्याने भारतातील सहा राज्यांमधील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचवली. हाच तो 'साइट' प्रयोग. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कार्यक्रमही त्यात होते. खेड्यातली शाळा आणि समुद्रावरचे विमान यांची अडचण एकच होती : दोघांपर्यंत तार पोचत नव्हती.

१९७९ मध्ये जहाजांसाठी 'इनमारसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिची सेवा विमानांनाही मिळू लागली. तिची वारंवारता दीड गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सें.मी. या लहरींना पाऊस-ढग अडवत नाहीत आणि छोटी अँटेना चालते. मात्र वाट अरुंद. २००७ मध्ये सुधारित सेवा आली, तेव्हा एका वाहिनीचा वेग सेकंदाला ४ लाख ३२ हजार बिट झाला.

वाट अरुंद का, हे अँटेनाच्या आकारावरून कळते. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये भारताचे परदेश दळणवळणाचे पहिले उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तिथल्या तबकडीचा व्यास जवळजवळ ३० मीटर होता. बिझनेस जेटच्या शेपटीच्या टोकावर एक फुगीर टोपी दिसते. तिच्यात मावणारी तबकडी साधारण ३० सें.मी. व्यासाची असते. व्यास शंभरपट लहान, म्हणजे क्षेत्रफळ दहा हजारपट लहान! उपग्रह मात्र तेवढ्याच दूर. एवढ्याशा ओंजळीत कितीसे पाणी मावणार?

शेजाऱ्याच्या कानाला त्रास

अडचण केवळ ग्रहण करण्याची नव्हती, बोलण्याचीही होती. तबकडीतून निघणारा झोत किती अंश रुंद असेल, याचा अंदाज ७० × तरंगलांबी ÷ व्यास या सूत्राने येतो. आर्वीसारख्या ३० मीटरच्या तबकडीतून ५ सें.मी. तरंगलांबीचा झोत सोडला, तर तो सुमारे ०.१२ अंशाचा होतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढा. विमानांसाठी पुढे १४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरात आल्या. त्यांची तरंगलांबी २.१ सें.मी. आणि तबकडी ३० सें.मी. धरली, तर झोत जवळजवळ ५ अंशांचा होतो.

५ अंश म्हणजे किती? हात पूर्ण पसरून मूठ धरली, तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे अर्धी मूठ. भूस्थिर उपग्रह मात्र एकाच कक्षेत दोन-दोन, तीन-तीन अंशांवर दाटीवाटीने बसलेले असतात. त्यामुळे लहान विमान आपल्या उपग्रहाशी बोलू लागले, की ते शेजारच्या उपग्रहांनाही ऐकू जाते. मोठ्या विमानाच्या मोठ्या अँटेनाला हा त्रास कमी. अभियंत्यांनी यावर मार्ग काढला तो असा : संदेश एका अरुंद वारंवारतेवर मोठ्याने न बोलता रुंद पट्ट्यात पातळ पसरायचा. शेजाऱ्याला तो किरकोळ खरखरीसारखा वाटतो. ज्याच्याजवळ संकेताची किल्ली आहे, तोच तो गोळा करून अर्थ लावतो. या शतकाच्या पहिल्या दशकात या युक्तीमुळे छोट्या जेट विमानात खरे इंटरनेट आले.

दुसरा मार्ग म्हणजे तरंगलांबीच कमी करणे. ३० गिगाहर्ट्झला ती १ सें.मी. होते आणि तीच तबकडी २.३ अंशांचा झोत देते. इनमारसॅटने या पट्ट्याचे उपग्रह सोडले आणि २०१६ मध्ये बिझनेस जेटसाठी 'जेट कनेक्स' ही सेवा सुरू केली. या लहरींना पाऊस अडवतो, पण विमान बहुतेक वेळ पावसाच्या ढगांच्या वरच असते. पावसाची चिंता जमिनीवरच्या केंद्राला!

दोन फसलेले डाव

तंत्र बरोबर असले, तरी धंदा बसेलच असे नाही. 'इरिडियम' हे याचे गाजलेले उदाहरण. ७८० कि.मी. उंचीवर ७७ उपग्रह फिरवायचे, अशी मूळ योजना होती. ७७ हा इरिडियम या मूलद्रव्याचा अणुअंक, म्हणून हे नाव. पुढे ६६ उपग्रहच पुरतील असे दिसले. ६६ अणुअंकाचे मूलद्रव्य डिस्प्रोसियम, पण ते नाव कोणी घेतले नाही! सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. तोवर साधे मोबाइल फोन जगभर पसरले होते. पुढे सारी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली.

तरी उपग्रह फिरत राहिले. ते एकमेकांशी बोलू शकत, त्यामुळे ध्रुवांवरही संपर्क मिळे. भूस्थिर उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली जातात, तिथे हेच उपयोगी पडले. वेग मात्र सेकंदाला २,४०० बिट. एक मेगाबाइटचे छायाचित्र, म्हणजे ८० लाख बिट, पाठवायला किती वेळ लागेल, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर आहे सुमारे ५५ मिनिटे. वर सांगितलेल्या ४,३२,००० बिटच्या वाहिनीवर हेच काम १९ सेकंदांत होते.

दुसरा डाव बोइंग कंपनीचा. तिच्या 'कनेक्शन' सेवेमुळे मे २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक-लॉस एंजेलिस विमानात प्रवाशांना इंटरनेट मिळाले. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी कंपन्यांनी अंग काढून घेतले होते, यंत्रणा जड होती आणि ग्राहक थोडे. २००६ च्या अखेरीस सेवा बंद झाली. खिशात वाय-फायचे फोन घेऊन फिरणारा प्रवासी तेव्हा जन्मायचा होता.

एक बारीक धागा

इथवर वाचून असे वाटेल, की हा सारा खटाटोप वेळ घालवण्यासाठी किंवा श्रीमंतांच्या सोयीसाठी होता. ८ मार्च २०१४ च्या पहाटे हा समज बदलला. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले एमएच ३७० हे विमान रडारच्या पडद्यावरून नाहीसे झाले. विमानात २३९ माणसे होती, त्यांत पाच भारतीय होते. वैमानिकाचा आवाज थांबला, ओळख सांगणारे यंत्र बंद झाले, संदेश थांबले. पण विमानातील उपग्रह-संचाने हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट उपग्रहाला अधूनमधून, साधारण तासातासाने, 'मी आहे' एवढे उत्तर देणे चालू ठेवले होते. शेवटचे उत्तर मलेशियाच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी आले.

त्या उत्तरांत विमान कुठे आहे, ही माहिती नव्हती. तरी अभियंत्यांनी दोन गोष्टी मोजल्या. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून विमानाचे उपग्रहापासूनचे अंतर कळले. उपग्रहापासून ठरावीक अंतरावरचे पृथ्वीवरील सारे बिंदू एका वर्तुळावर येतात. विमान त्या वर्तुळावर कुठेतरी होते. वारंवारतेतील सूक्ष्म बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, ते दक्षिणेकडे गेले असावे हे ठरले. दळणवळणासाठी जोडलेला हा संच शोधाचा एकमेव धागा ठरला. विमानाचे काही तुकडे पुढे समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकले, त्यांतला पहिला २०१५ मध्ये रियुनियन बेटावर मिळाला.

या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मोठ्या प्रवासी विमानांचा ठावठिकाणा समुद्रावरही दर १५ मिनिटांनी नोंदवला जावा, असा दंडक घातला. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. दिवाळे निघालेल्या इरिडियमच्या नव्या पिढीच्या उपग्रहांवर विमानांचे संकेत टिपणारी यंत्रेही बसवली गेली. कराची-मुंबई टपाल आणणाऱ्या मुक्या विमानापासून इथे यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

चौथे उत्तर : जवळचे, पण पळते

भूस्थिर उपग्रहाचा एक दोष काही केल्या जात नाही. विमानातून वर आणि तिथून खाली मिळून ७१ हजार कि.मी.हून जास्त अंतर होते. प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि प्रश्न जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद. दूरदर्शन संवादात ही अडखळ जाणवते. यावर उपाय एकच, उपग्रह जवळ आणणे. ५५० कि.मी. उंचीवरच्या उपग्रहातून वर-खाली जायला अवघे ०.००४ सेकंद लागतात. शिवाय अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम लावला, तर तेवढ्याच शक्तीचा संकेत सुमारे ४,२०० पट सबळ मिळतो.

पण जवळचा उपग्रह आकाशात स्थिर राहत नाही. काही मिनिटांत तो क्षितिजापार जातो, म्हणून एकामागे एक असे शेकडो-हजारो उपग्रह लागतात. आणि विमानातील अँटेनाला सतत नव्या उपग्रहाकडे वळावे लागते. फिरती तबकडी इतकी धावपळ कशी करणार? म्हणून तबकडीच्या जागी सपाट पाटी आली. तिच्यात शेकडो छोट्या अँटेना असतात आणि एकही भाग हलत नाही.

हे वर्गात दाखवता येईल. लेझीमच्या पथकातील दहा मुले एका ओळीत उभी करा. सर्वांनी एकदम पाऊल टाकले, तर ओळ सरळ पुढे जाते. डावीकडच्या मुलाने आधी, त्याच्या शेजाऱ्याने क्षणभराने, असे एकेकाने क्रमाने पाऊल टाकले, तर ओळ तिरकी होते. पाटीतल्या अँटेना लहरी सोडताना असाच सूक्ष्म विलंब ठेवतात. विलंब बदलला, की झोत वळतो.

'स्टारलिंक'ने डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेतील एका कंपनीच्या छोट्या जेट विमानांत अशी सेवा दिली आणि नंतर ती मोठ्या विमानांतही गेली. 'वनवेब'चे उपग्रह १,२०० कि.मी. उंचीवर आहेत. त्यांतले ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्याच रॉकेटने सोडले.

भारतात विमानातील इंटरनेटला परवानगी देणारे नियम डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्यांनुसार विमान ३,००० मीटर उंचीवर गेल्यावरच सेवा चालू करायची. इतक्या उंचीवर जमिनीवरच्या मोबाइल जाळ्याला त्रास होत नाही. २०२० मध्ये भारतीय कंपनीच्या विमानात ही सोय प्रथम आली. तिच्यात टाटा समूहातील नवी मुंबईच्या नेल्को कंपनीचा वाटा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेला आपला 'जीसॅट-एन२' उपग्रहही विमानातील इंटरनेटचा विचार करून बांधलेला आहे.

आपल्या विद्यार्थ्याला आता पूर्ण उत्तर देता येईल. प्रवाशाचा फोन विमानातल्याच वाय-फायशी अगदी कमी शक्तीने बोलतो. पुढचे बोलणे विमानाची अँटेना करते, तिने ठरवून घेतलेल्या वाटेने, ठरवून दिलेल्या वारंवारतेवर. तोच फोन स्वत: जमिनीवरच्या मनोऱ्यांशी बोलू लागला, तर शेकडो मनोऱ्यांना त्रास देईल.

त्रासाचा हा प्रश्न मात्र संपलेला नाही, तो वर सरकला आहे. आर्वीच्या परिसरातच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या तबकड्या बोलत नाहीत, फक्त ऐकतात. दूरच्या दीर्घिकांतून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा तिच्यासाठी शोधावी लागली. जमिनीवर अशी जागा राखता येते. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांपासून कोणती जागा राखणार? इरिडियमच्या संकेतांची गळती १,६१२ मेगाहर्ट्झच्या आसपास होते, आणि तिथेच अवकाशातील हायड्रॉक्सिलचे संकेत मिळतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली. २०२३ मध्ये युरोपातील 'लोफार' दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांमधून अनवधानाने निघणाऱ्या लहरीही टिपल्या.

दुसरे टोक जमिनीवर ठेवले, तर समुद्र आडवा येतो. आकाशाच्या आरशावर भिस्त ठेवली, तर सूर्याची मर्जी सांभाळावी लागते. फार वर ठेवले, तर वेळ लागतो. जवळ ठेवले, तर आकाशात दाटी होते. प्रत्येक उत्तराची किंमत कोणाला तरी मोजावी लागली आहे. चौथ्या उत्तराची किंमत आकाशाकडे कान लावून बसलेल्यांना किती पडेल, याचा हिशेब आज वर्गात बसलेल्या मुलांना करावा लागणार आहे. क्षितिजाचे आणि झोताचे गणित त्यांना आतापासून करता आले, तर तो हिशेब त्यांना समजेल.